पेटीवाल्याची पावसाळी आवराआवर : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

सांगलीत पाऊस सुरू झाला की आम्हा साथीदारांचं कॅलेंडर ओस पडतं. आषाढीचे अभंग, मग थेट गणपती. मधले दिवस शिकवण्या आणि भजी. यंदा या रिकाम्या दिवसांत आवराआवर करायची ठरवली आहे आणि तिची रोज नाही तरी जमेल तशी नोंद ठेवायची आहे. नोंद नसली की माझं काम आठव्या दिवशी थांबतं, हा तीस वर्षांचा अनुभव.

निमित्त गेल्या दिवाळीचं. पुण्याच्या एका मंडळाने ऑगस्टमध्ये फोन करून "दोन तारखेला पहाट आहे" म्हणून सांगितलं. मी ते मोबाइलमध्ये टाकलं, २ नोव्हेंबर. इचलकरंजीच्या लोकांनी त्याआधीच "पाडव्याला या" म्हटलं होतं. ते डायरीच्या शेवटच्या पानावर, जिथे मी सणांचे कार्यक्रम लिहितो, तिथे "पाडवा : इचलकरंजी" असं गेलं. २०२४ चा पाडवा २ नोव्हेंबरलाच होता. हे मला कळलं धनत्रयोदशीला, इस्त्रीचे कुर्ते मोजताना. इचलकरंजीला विद्यार्थी पाठवला, त्याने चांगली साथ केली, पण त्या लोकांचा परत फोन नाही. त्यांचं काही चुकलं नाही.

तर कामं अशी : तारखा, गुरुजींच्या कॅसेटी, गायकांची माहिती, पैशांचा हिशेब, पेटीची डागडुजी. दिवाळीपर्यंत.

११ जून

तारखांचं काम एका संध्याकाळी झालं. भिंतीवरची दिनदर्शिका समोर घेतली आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आधी सगळे सण भरले : आषाढी ६ जुलै, गणेश चतुर्थी २७ ऑगस्ट, घटस्थापना २२ सप्टेंबर, नरकचतुर्दशी २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन २१, पाडवा २२, भाऊबीज २३. आता कुणी तिथी सांगितली की मी तारीख उच्चारतो आणि तारीख सांगितली की वार. "बावीस, बुधवार, पाडवा, बरोबर?" असं तिन्ही बोलल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. डायरीचं शेवटचं पान फाडून टाकलं.

दुसरी सुधारणा प्रवासाची. पुण्याच्या पहाटेच्या कार्यक्रमाला मी एकच खूण करायचो. पण सांगलीहून पुण्याला पाच तास धरायचे, म्हणजे आदल्या दिवशीची संध्याकाळही गेलीच. पाडव्याची पहाट पुण्यात घेतली तर लक्ष्मीपूजनाला घरी नसणार, हे बायकोला तेव्हाच सांगायचं. तिने हे वाचून "आधी सांगायचं, तेव्हाच नाही" अशी दुरुस्ती केली आहे.

नुसती विचारणा पिवळी, पक्कं झालेलं हिरवं. पिवळं पंधरा दिवसांपेक्षा जास्त पिवळं राहिलं तर आपणच फोन करायचा. याला मी फार लाजायचो.

१५ जून

माळ्यावरची ट्रंक उतरवली. गुरुजींच्या तालमीच्या कॅसेटी, १९८८ ते १९९९. मोजल्या तर १२६. जेवण झाल्यावर पुन्हा मोजल्या तर १२७. पहिला आकडा धरला.

बहुतेक नव्वदच्या, बाकी साठच्या. अंदाजे हिशेब केला : १७० तास. कॅसेट काही पटापट उतरत नाही, जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ घेते. रोज दोन तास म्हटलं तर ८५ दिवस. दिवाळीपर्यंत जेमतेम.

लेबलं वाचून हसू आलं. "मालकंस – महत्त्वाचे." "महत्त्वाचे." "फार महत्त्वाचे." "महत्त्वाचे (जुने)." अकरा कॅसेटींवर फक्त हा एक शब्द आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मला काय महत्त्वाचं वाटलं होतं, ते आता ऐकूनच कळायचं.

तळाशी वेगळ्या पिशवीत १९ कॅसेटी आहेत, ज्यांच्यावर काहीच नाही. त्या २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात भिजलेल्या. आयर्विन पुलाला कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. शाईची लेबलं धुऊन गेली. ती पिशवी मी सहा वर्षं उघडली नव्हती.

१७ जून

धाकट्या बहिणीला फोन केला. ती पुण्यात ग्रंथालयात आहे. मी मोठ्या उत्साहाने तिला माझी फाइलींच्या नावांची पद्धत सांगितली : रागाचं नाव, मग विलंबित की द्रुत, मग वर्ष. ती म्हणाली, "दादा, एका कॅसेटमध्ये दोन राग निघाले तर?"

निघतातच. अ बाजूला मालकंस, ब बाजूला अर्ध्यावर जोग, मग कुणीतरी चहा घेऊन आलेलं.

तिचं म्हणणं असं : ग्रंथालयात पुस्तक आलं की त्याला आधी दाखल क्रमांक मिळतो. तो फक्त क्रमांक. त्यात विषय, लेखक, वर्ष काही कोंबायचं नाही. पुस्तक हरवलं तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. बाकी सगळी माहिती रजिस्टरमध्ये, कारण माहिती बदलते, सुधारते, चुकते. क्रमांकाने फक्त ओळख पटवायची.

तीन आकडी क्रमांक घालायचा, ००१ पासून. नुसतं १, २, ३ लिहिलं तर काही यंत्रं १ नंतर १० आणि १०० लावून मगच २ कडे येतात. बाजूसाठी अ आणि ब. म्हणजे ०४७अ. संपलं.

पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या पेनाने क्रमांक घातले. हातात येईल तो पुढचा. क्रम लावत बसलो असतो तर अजून ट्रंकेतच डोकं घालून असतो.

२२ जून

जुना कॅसेट डेक दुरुस्तीवाल्याकडून आला. रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झाला होता, तो बदलला. हेड आणि रबरी रोलर स्पिरिटसारख्या त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, दर चार कॅसेटींनंतर. कापूस दरवेळी तांबूस निघतो. ते कॅसेटवरचंच द्रव्य, म्हणजे गुरुजींचे कण, असा विचार मनात आला आणि मग तो कापूस टाकवेना. (टाकला.)

सुरू करण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान मोडले. ते मोडले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जात नाही. हे मी १९८८ मध्ये करायला हवं होतं. ०१२ब मध्ये मधोमध चार मिनिटं कुणीतरी लावलेलं क्रिकेटचं समालोचन आहे.

संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर घेतलं, ते फुकट आहे. २४ बिट, ४८ हजार, वेव्ह फाइल. एकाच माइकवर घेतलेल्या कॅसेटी, त्यामुळे मोनो पुरे. तासाला साधारण अर्धा जीबी. सगळ्या मिळून ९० जीबीच्या आत. माझ्या पुतण्याच्या खेळाला यापेक्षा जास्त जागा लागते म्हणे.

२९ जून

एकोणीस झाल्या. एक बाजू लावायची, पहिली दोन मिनिटं पातळी बघायची, मग रियाजाला बसायचं नाही (पहिल्या दिवशी बसलो, माझी पेटी आणि गुरुजींची पेटी दोन्ही एकदम, डोकं फिरलं). शेजारी बसून रजिस्टर भरायचं : क्रमांक, बाजू, मिनिट, राग, ताल, मुखडा.

०१९अ ने रजिस्टरच मोडलं. चाळीस मिनिटांत राग नाहीच. गुरुजी बोलताहेत, त्या दिवसांबद्दल जेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. १९४० ते १९७१, एकतीस वर्षं. पेटी वाजवणाऱ्या माणसाला रेडिओवर जागाच नव्हती. ते हे सांगताना मधेमधे पेटीवर बोट ठेवतात, वाजवत नाहीत, नुसता भाता हलतो. तो आवाज येतो. रजिस्टरमध्ये "राग" या रकान्यात मी रेघ मारली होती. मग "बोलणं" असा एक रकाना वाढवला आणि आधीच्या अठरा कॅसेटी पुन्हा चाळल्या. सात ठिकाणी बोलणं निघालं, जे मी "रिकामं" म्हणून सोडलं होतं.

७ जुलै

काल आषाढी. तीन कार्यक्रम. तिसऱ्यात घोळ झाला, तो लिहून ठेवतो.

गाडीत आमच्या तबलजीने विचारलं, "ताईंची पट्टी काय?" मी ठोकून दिलं, काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. दोन वर्षांपूर्वी त्या काळी पाचच गायच्या. त्याने त्या मापाचाच तबला घेतला होता. ग्रीनरूममध्ये ताई म्हणाल्या, "अहो, मी आता काळी चारवर आले." मला काय, पेटीवर बोटं दोन स्वर खाली सरकवायची. पण तबला एवढा उतरवला की चाट, म्हणजे तबल्याची कड, ढिली पडते, "ना" ऐवजी "भ" ऐकू येतं. बिचारा दोन तास हातोडी घेऊन बसला होता. परतीच्या वाटेवर तो माझ्याशी हवामानावर बोलला.

आज गायकांची वही सुरू केली. ही मुद्दाम कागदावरची, खिशातली, कारण ग्रीनरूममध्ये रेंज नसते आणि चष्मा पिशवीत असतो. प्रत्येकाला एक पान. पट्टी आणि ती कधी विचारली ती तारीख. तारीख नसलेली पट्टी म्हणजे अफवा. तंबोरा कसा लागतो : मालकंसाला मध्यमाला, मारव्याला निषादाला, तो कोण लावणार, यंत्राचा चालतो का. मग त्यांच्या सवयी. एकांना आलापात मागे मागे पेटी चालत नाही, फक्त सूर धरून ठेवायचा. एकांना मी थांबलो की वाटतं मी रुसलो. एक बुवा समेवर डोळ्यांनी खुणावतात, पण खूण मला नसून श्रोत्यांना असते, हे कळायला मला तीन मैफली लागल्या. हे सगळं त्या पानावर.

वही माझ्यापेक्षा त्या ग्रीनरूममधल्या दहा मिनिटांसाठी आहे. कॅसेटींच्या रजिस्टरचं मात्र अजून असं ठरलेलं नाही. ते कुणासाठी, कुठल्या प्रश्नाला, हे मी अजून स्वतःला विचारलेलंच नाही.

१० जुलै, गुरुपौर्णिमा

ऑनलाइन शिकणाऱ्या एका मुलीने आज भैरव म्हणून दाखवला. वर्ग बुडला होता म्हणून तिला मी सरगम टाइप करून पाठवली होती, त्यावरून तिने आपापली बसवली. मनापासून बसवली होती. आणि निघाला बिलावल.

पहिल्यांदा मला वाटलं, ही गंमत करते आहे. मग फोनवरचा माझाच निरोप उघडला. स्वरलेखनाच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ. संगणकावरच्या माझ्या पानात रे आणि ध खाली ती होती. व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवताना रेघा गळाल्या. भैरवात कोमल दोनच, रे आणि ध. त्यांच्या रेघा काढल्या की उरतात सातही शुद्ध. तिने जे लिहिलं होतं ते अगदी बरोबर म्हटलं.

तीव्र मध्यमाच्या डोक्यावरची उभी रेघ, मंद्राचं खालचं टिंब, यांचंही तेच होणार. आता सरगम हाताने वहीत लिहायची आणि पानाचा फोटो पाठवायचा, सोबत मी गायलेली दोन मिनिटं. टाइप करायचीच झाली तर चिन्ह नाही, अक्षर : "कोरे", "कोध", "तीम". दिसायला भयंकर आहे. पण गळत नाही.

१९ जुलै

०३३ पासून ०४१ पर्यंतच्या कॅसेटींत गुरुजी चिरक्या आवाजात गातात. हा सगळा १९९३ च्या उन्हाळ्याचा गठ्ठा. गुरुजींची पट्टी जन्मभर काळी एक. इथे ती पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी येते. कारण उघड आहे : टेपरेकॉर्डर सेलवर चालत होता, सेल उतरले की फीत हळू सरकते, आणि हळू भरलेली कॅसेट आज नीट वेगाने वाजवली की सगळं वर चढतं.

प्रश्न, नेमकं किती खाली आणायचं. नुसत्या कानाने केलं तर मी माझ्या आठवणीतले गुरुजी तयार करणार.

मग एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. मागे बारीक घूंऽऽ ऐकू येते, ट्यूबलाइटच्या चोकची. आपली वीज ५० हर्ट्‌झ, चोक त्याच्या दुप्पट घुमतो, म्हणजे १००. ऑडॅसिटीत आलेख काढून बघितला तर ती घूं १०६ वर. म्हणजे वेग सहा टक्के जास्त. सहा टक्के म्हणजे बरोबर अर्धा सूर. कमी केला. ऐकलं.

गुरुजी अजूनही काळी एकच्या वर. काळी एक आणि पांढरी दोनच्या फटीत अडकलेले.

२१ जुलै

शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. त्यांना आलेख दाखवला. ते इतके हसले की काकू बाहेर आल्या. "त्या काळी संध्याकाळी पन्नास कोण देत होतं तुला? मागणी वाढली की खाली जायचं. साडेअठ्ठेचाळीस मिळाले तरी आम्ही देवाला नारळ द्यायचो."

तालीम संध्याकाळचीच असायची. साडेअठ्ठेचाळीस धरले तर चोक घुमणार ९७ वर. १०६ भागिले ९७ म्हणजे नऊ टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे अर्ध्या सुराच्या दीडपट. तसं उतरवलं तर गुरुजी काळी एकवर बसतात. पण हे आता उत्तर आधी ठरवून गणित जुळवल्यासारखं झालं. प्रत्येक संध्याकाळी वेगळा आकडा असणार.

२७ जुलै, रविवार

मिरजेला गेलो. गुरुजींची पेटी त्यांच्या मुलाकडे आहे, दिवाणखान्यात, वर फुलदाणी. कॅसेटींत पार्श्वभूमीला हीच पेटी. पेटीतल्या पितळी सुराची, म्हणजे आवाज देणाऱ्या पातीची, पट्टी वर्षानुवर्षं फार हलत नाही. टोकाला कुणी घासलं तर चढते, बुडाशी घासलं तर उतरते, आणि गुरुजी गेल्यावर हिला कुणी हात लावलेला नाही. "फक्त फुलं बदलतो," ते म्हणाले.

भाता हलवला तर आत कोळ्याचं जाळं. काळी एकचा खर्ज सूर लागला, जरा खाकरत. तो मोबाइलवर घेतला, मग वरचा नर सूर, मग सगळं मधलं सप्तक, एकेक पट्टी दहा सेकंद. सातवी पांढरी किंचित उतरलेली आहे. आणि ती कॅसेटींतही तशीच उतरलेली आहे! ०२४अ मध्ये गुरुजी तिला शिव्या देतात.

घरी येऊन कॅसेट थांबवत, पेटीचा सूर शेजारी लावत वेग जुळवला. साडेनऊ टक्के, एकात साडेआठ, एकात अ बाजूला आठ आणि ब बाजूच्या शेवटाला अकरा, कारण तोवर सेल आणखी उतरलेले. मूळ फाइल तशीच ठेवायची, दुरुस्त केलेली वेगळी, क्रमांकापुढे "दु" लावून. किती टक्के बदललं ते रजिस्टरमध्ये. उद्या कुणाला माझा कान पटला नाही तर त्याला परत जाता यावं.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीतून येताना तंबोऱ्याच्या तारांचे दोन संच घेतले. त्यांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा फलक आता दिसतो. दर फलकामुळे वाढले की तारेमुळे, ते त्यांनी सांगितलं नाही.

३ ऑगस्ट

रजिस्टरमध्ये "भीमपलास" शोधला. चौदा जागा आल्या. मला खात्री होती जास्त आहेत. मग "भीमपलासी" शोधला, सहा. घाईत "भीम." लिहिलेलं, नऊ. हा सगळा एकच राग, आणि लिहिणाराही एकच गाढव.

मालकंस, मालकौंस. बागेश्री, बागेसरी. पुरिया, पूरिया. मारुबिहाग, मारूबिहाग, मारू बिहाग. कागदाच्या वहीत याने काही बिघडत नव्हतं, डोळा सांभाळून घेतो. यंत्राला ऱ्हस्व-दीर्घाची कदर फार. एक यादी केली, प्रत्येक रागाचं एकच लेखन, आणि रकान्यात टाइप न करता त्या यादीतून निवडायचं. आमच्याकडे म्हणतात तसं ठेवलं : भीमपलास, मालकंस. शुद्धलेखनवाल्यांनी माफ करावं.

मुखड्यांचंही असंच करावं का, यावर तीन दिवस घातले. मग सोडून दिलं. मुखडा गुरुजी जसा उच्चारतात तसा.

१२ ऑगस्ट

पुराची पिशवी उघडली. चुका कबूल : २०१९ मध्ये मी त्या चिखलासकट गच्चीवर उन्हात वाळवल्या होत्या. कवचं वाकडी झाली. चिखल आत वाळून पापुद्रा झाला. त्या वेळीच स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायला हव्या होत्या.

आता एकेकीचं काम असं. पाच स्क्रू काढायचे (न उघडणारी, चिकटवलेली कवचं दोन निघाली, ती कडेने चिरली). आतली दाबाची पट्टी गंजलेली, फेल्टचा तुकडा गळून पडलेला. फीत दोन्ही चकत्यांसकट अलगद उचलायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विसळायची, टिपकागदावर सावलीत दोन दिवस. मग कोऱ्या कॅसेटचं कवच उघडून तिच्या पोटात ही फीत बसवायची. पांढरी बुरशी दिसली तर ती गेल्याशिवाय डेकमध्ये घालायची नाही, नाहीतर ती पुढच्या सगळ्यांना लागते.

एका वेळी दोनच. तिसरी केली आणि चकती हातातून सुटली. पन्नासेक मीटर फीत जमिनीवर, आणि मी गुडघ्यांवर पेन्सिलने ती गुंडाळत. आई दारात उभी राहून बघत होती. "लहानपणी असाच मांजा गुंडाळायचास," म्हणाली आणि पंखा बंद करून गेली.

२० ऑगस्ट

कोयनेतून विसर्ग वाढवलाय. सकाळपासून लोक आयर्विनच्या पातळीचे आकडे एकमेकांना पाठवताहेत. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ.

ट्रंक वरच्या मजल्यावर. पेटी, तंबोरे, तबले वर. अर्ध्या तासात झालं, कारण काय आधी न्यायचं ते दाराच्या मागे लिहून चिकटवलं आहे. पहिल्या ओळीवर कॅसेटी नाहीत, आईची औषधं आहेत.

आतापर्यंतच्या ८१ कॅसेटींच्या फाइली दोन डिस्कवर आहेत, पण दोन्ही याच घरात. म्हणजे नदीच्या दृष्टीने एकच. आजच एक डिस्क कुरियरने बहिणीकडे पुण्याला निघाली. यापुढे दर महिन्याला.

(२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर : गणपती. नोंद नाही, झोपही नाही. पाणी घरात आलं नाही.)

९ सप्टेंबर

पैसे. कंटाळवाणं काम, थोडक्यात लिहितो. चार रकाने : ठरलं किती, मिळालं किती, कधी, टीडीएस कापला का. गेल्या वर्षीच्या एका आयोजकाने दहा टक्के कापून दिले, पण सव्वीस एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या उताऱ्यात, त्याचा पत्ता नाही. त्यांना तीन निरोप पाठवले, तिन्हीला हात जोडलेलं चित्र आलं. शालींचा वेगळा रकाना करावा असं बायकोचं म्हणणं. कपाटात ३४ आहेत.

२१ सप्टेंबर

गणपतीत दमटपणाने पेटीच्या दोन पट्ट्या फुगून अडकल्या होत्या, अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री आरतीच्या मध्यावर. सुतारकाम करून घेतलं, भात्याचं चामडं एका घडीला चिरलं होतं तेही. पेटीला आता स्वतःचं पान आहे : कधी उघडली, काय केलं, कुणी केलं. पेटीच्या खोक्यात पेचकस, कॉटनचा दोरा, पोस्टकार्डाचा तुकडा (सुरात कचरा अडकला तर सरकवायला), ब्लेड. ब्लेड विमानात काढून घेतील, हे तिथेच लिहून ठेवलंय.

५ ऑक्टोबर

१०४ झाल्या. पुराच्या १९ पैकी ११ पूर्ण, ५ तुकड्यांत, ३ मुक्या. मुक्यांचेही क्रमांक तसेच ठेवले.

सगळ्या बंदिशींचं स्वरलेखन करायचं डोक्यात होतं, ते काढून टाकलं. रजिस्टर कुणासाठी याचं उत्तर मागच्या आठवड्यात आपोआप मिळालं. एका गायिकेचा गाडीतून फोन : गुरुजींचा झपतालातला बागेश्री, अंतरा आठवत नाहीये, संध्याकाळी गायचाय. राग आणि ताल चाळणीला लावले, तीन जागा आल्या, दुसरी बरोबर. ०७२ब, एकविसावं मिनिट. दीड मिनिटाचा तुकडा कापून पाठवला, एकूण चारेक मिनिटं. तिला स्वरलेखन नको होतं, गुरुजींचं तोंड हवं होतं. संध्याकाळी तिने अंतऱ्याची दुसरी ओळ तरीही वेगळीच गायली, आणि ती चांगली होती.

१६ ऑक्टोबर

शेवटची कॅसेट लागली. १२६ब. त्यात काही नाही, कोरी आहे, तीस मिनिटं पूर्ण ऐकली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

काल पाडव्याची पहाट पुण्यात, एकच, ठरलेली. तशीच पुढे बहिणीकडे. ओवाळून झाल्यावर तिच्या हातात सगळं असलेली डिस्क दिली आणि रजिस्टर उघडून दाखवलं. कौतुकाची अपेक्षा होती. तिने रकान्यांवरून बोट फिरवत नेलं, जसं ग्रंथालयात नेत असेल, आणि थांबली.

"दादा, ०६१ दोनदा पडलाय."

पडलाय. दोन कॅसेटी, दोघींवर माझ्याच अक्षरात ०६१. एक साठची, एक नव्वदची.  गणपतीच्या आधीच्या त्या पावसात कधीतरी साठच्या फाइलीवर नव्वदची फाइल पडली असणार, कारण डिस्कवर एकच आहे.

दाखल क्रमांक बदलायचा नाही, त्यामुळे आधीची तीच ०६१. दुसरीला १२७ द्यायचा. म्हणजे जूनमध्ये जेवणानंतरचा आकडा बरोबर होता. उद्या सांगलीला पोचलो की डेक पुन्हा लावायचा आहे.